उजव्या बाजूचा तिसरा पाटा

आमच्या घरात बोलण्यापेक्षा ठोकण्याचाच आवाज जास्त असे. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या हातात सांडशी आणि उजव्या हातात लहान हातोडी. समोर घण घेऊन मी किंवा आई. आप्पा हातोडीनं जागा दाखवायचे आणि त्याच जागी आमचा घण पडायचा. टिंग-धाड, टिंग-धाड. हातोडी ऐरणीच्या कडेला आडवी वाजली की थांबायचं. दिवसभरात चार शब्द बोलणं झालं नाही तरी काम अडत नसे. रस्त्यानं जाणारी माणसं बायकांच्या हातात घण बघून थबकायची. आम्हाला त्याचं काहीच नवल नव्हतं. लोहाराच्या घरात सून बघायला जातात तेव्हा आधी तिचे दंड बघतात, असं आई सांगायची आणि स्वतःचा दंड पुढं करून हसायची. बाईनं घण मारायचा, भाता ओढायचा, कोळसा फोडायचा, राख काढायची. फक्त लोखंडाला पाणी द्यायचं नाही. तापलेलं लोखंड विझवून त्याला कणखर करणं याला आम्ही पाणी देणं म्हणतो, आणि ते काम घरातल्या कर्त्या पुरुषाचं. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. एरवी मी चांगली तोंडाळ होते, पण ही गोष्ट विचारायची असते हेच मला सतराव्या वर्षापर्यंत सुचलं नव्हतं.

भट्टी साताऱ्यात, पोवई नाक्याच्या अलीकडं, एका चिंचेखाली. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सकाळी चुलीवर कुळथाचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि खर्डा. खर्डा वाटायचा तोही भट्टीजवळच्या दगडावर, त्यामुळे त्यात बारीक कोळसा यायचाच. पोटात गेला तर लोखंड होशील, असं आई म्हणायची. ऊसतोडीच्या आधी कोयत्यांची रांग लागायची. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत मात्र दुसरंच काम वाढलं. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी खडकाळ रस्त्यांवर धडधडत जायच्या आणि त्यांच्या चाकांवरचे पाटे मोडायचे. हे पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या. गाडीचा सगळा बोजा त्यांच्यावर असतो आणि खड्ड्यातला दणका तेच खातात. नवे मिळायचे नाहीत, म्हणून आप्पा जुनेच जोडून, वाकवून, पाणी देऊन द्यायला शिकले. गावात त्यांचं नाव झालं ते या पाट्यांमुळे.

माझा थोरला भाऊ सदाशिव, आमचा दादा, त्या सगळ्या काळात पलटणीत होता. मोटारी चालवायचा आणि दुरुस्तही करायचा. त्याची पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायची, कारण घरात चौथी झालेली मी एकटीच होते. आज मी हे लिहू शकते त्यामागं शाळेपेक्षा ती पत्रंच जास्त आहेत. इटलीतल्या एका कारखान्यात शर्यतीच्या गाड्या कशा बांधतात ते त्यानं एकदा चार पानं भरून लिहिलं होतं. आईनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवतो का न्हाई, ते लिवलंय का?" ते लिहिलेलं नव्हतं. मग मी माझ्या मनानं वाचून दाखवलं, "पोटभर जेवतो, काळजी करू नये." खोटं वाचायची सवय मला अशी चांगल्या हेतूनंच लागली.

लढाई संपली, दादा धडधाकट परत आला, आणि त्याच्या मागोमाग सहा महिन्यांत कॅप्टनसाहेब आले. दादा पलटणीत त्यांचीच गाडी चालवायचा. कराडकडच्या उसाच्या मोठ्या बागायतदाराचे ते चिरंजीव. उजव्या हाताची तीन बोटं लढाईत गेलेली, आवाज मात्र अजून कवायतीच्या मैदानावरचाच. विलायतेला परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांनी त्याची दोन माणसांची गाडी घेतली होती. हिरवीगार, बुटकी, पुढं लांबच लांब नाक. आईनं तिला बघताक्षणी टोळ म्हटलं आणि आमच्या घरात तिचं तेच नाव पडलं.

सांगलीत काही हौशी मोटारवाल्यांनी शर्यत ठरवली होती. विश्रामबागेच्या बाजूला तेव्हा मोकळी रानं होती. तिथल्या मातीच्या रस्त्यानं गोल आठ फेऱ्या. गाडी कॅप्टनसाहेबांची, पण त्या हातानं त्यांना चालवता यायची नाही, म्हणून चालवणार दादा. आणि टोळ मागून उड्या मारायचा. जोरात निघालं की मागचा आस, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, पीळ घ्यायचा, चाकं थडथड उडायची. वळणावर मागची बाजू अशी कलायची की बघणारे मागं सरायचे.

"आप्पा, मागनं दोन बोटं खाली बसवायची," दादानं जमिनीवर कोळशानं रेघा ओढून दाखवलं. "पाट्यांची कमान उतरवायची, आन दोन्ही बाजूला एकेक पाटा जास्ती घालायचा. मग पुढचा निम्मा भाग दोरीनं आवळून बांधायचा. तिकडं तसंच करत्यात. आस पीळ घेत न्हाई मग."

"दोरीनं?" आई म्हणाली. "म्हंजी बाळंतिणीच्या पोटावानी?"

"तसंच, आये."

"मग ते माजं काम," आई म्हणाली, आणि त्याच दिवशी तिनं अंबाडीची दोरी वळायला घेतली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा घरात फक्त मला ठाऊक होती. आप्पांना नीट दिसत नव्हतं. तीस वर्षं भट्टीत बघून बघून डोळ्यांवर साय धरली होती. माणूस ओळखायचे, वाट चुकायचे नाहीत, पण रंग गेले होते. आणि पाणी द्यायचं म्हणजे सगळा खेळ रंगाचा. पाटा आधी कुंकवासारखा लाल तापवायचा, तेलात विझवायचा. मग एका जागी घासून चकचकीत करायचा आणि पुन्हा मंद आचेवर धरायचा. त्या चकचकीत जागेवर रंग चढत जातात: आधी भाताच्या पेंढीचा पिवळा, मग जांभळा, मग मोराच्या मानेचा निळा. कोयत्याला पिवळ्यावर थांबायचं, कारण त्याला धार हवी. कोयता विझवायचाही पाण्यात. पाट्याला तेल, आणि निळ्यापर्यंत जायचं, कारण त्याला वाकून पुन्हा सरळ व्हायचं असतं. पिवळ्यावर थांबलेला पाटा कडक खरा, पण एखाद्या दणक्यात काचेसारखा मोडणार. हे रंग नीट दिसावेत म्हणून भरदिवसा आम्ही दाराला गोणपाटं टांगून अंधार करायचो. वर्षभर त्या अंधारात आप्पा हळूच विचारायचे, "रंग?" आणि मी सांगायची. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. माझ्यावर हा विश्वास टाकला म्हणून मी मनातून फुगलेली होते, आणि त्या फुगण्यानंच पुढं घात केला.

पाटे एका बाजूला सात, दोन्ही मिळून चौदा. जास्तीचे दोन आम्ही लिलावात आलेल्या लष्करी ट्रकच्या पाट्यातून छन्नीनं कापून काढले. नऊ पाट्यांना पाणी देऊन झालं. दहावा भट्टीत, लाल होत आलेला. एवढ्यात बाहेर कॅप्टनसाहेबांची हाक आली. दादा त्यांच्या गाडीचं इंजिन बघायला गेलेला. आप्पा म्हणाले, "हौसा, भाता हळू ठिव, आलोच," आणि गोणपाट सारून गेले.

ते लवकर आले नाहीत. कॅप्टनसाहेब बोलायला लागले की थांबायचे नाहीत. पाटा लाल झाला, कुंकवाच्याही पुढं जाऊ लागला. बाहेर काढून नुसता ठेवला असता तरी चाललं असतं, निवला असता आणि पुन्हा तापवता आला असता. पण मला वाटलं, रंग तर मीच सांगते, मग हात कुणाचा याला काय महत्त्व? मी सांडशी उचलली. वर्षानुवर्षं मी आप्पांना कोयते विझवताना बघितलं होतं, उजवीकडं पाण्याचं डोणगं, चुर्र, वाफ. माझा हात आपसूक उजवीकडं वळला. चुर्र झालं, वाफ तोंडावर आली, आणि मला कळलं की तेलाचं पिंप डावीकडं आहे.

तेव्हाच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. घाईघाईनं घासून पाटा पुन्हा आचेवर धरला. पिवळा चढला तोच बाहेर पावलं वाजली. मी दचकून पाटा काढला आणि बाकीच्यांत ठेवून दिला.

"धावा पाटा कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"लय तापला हुता. सोडला म्या तेलात. मग चढिवला रंग."

आप्पांनी गोणपाट पुन्हा नीट ओढून घेतलं. मग म्हणाले, "निळा?"

"निळा," मी म्हणाले.

"कुणाला सांगू नगंस. तू दिलंस म्हणून."

उरलेले चार झाल्यावर त्यांनी प्रत्येक पाटा सांडशीत धरून नखानं टिचकी मारून बघितली. माझ्या पाट्याचा आवाज बारीक आणि लांबट निघाला, मलाही तो ऐकू आला. आप्पांनी त्याला दुसरी टिचकी मारली. मग खाली ठेवला. मी सुटले असं मला वाटलं, आणि उद्या सवडीनं तो पुन्हा तापवून ठीक करीन असंही मी ठरवून टाकलं. कापलेल्यातला एक तुकडा शिल्लकही होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापतेय तोवर दादानं पाटे रचून बोल्ट आवळलेसुद्धा होते. माझा पाटा उजव्या बाजूला वरून तिसरा बसला होता.

दुपारी आईनं जवसाच्या उकळत्या तेलात दोरी भिजवली आणि ती आणि दादा दोघांनी पाय लावून, ओढून ओढून ती पाट्यांवर गुंडाळली. वेढ्याला वेढा चिकटलेला. तेल वाळलं तशी दोरी लाकडासारखी कडक झाली आणि तिच्याखाली काय आहे ते कुणालाही दिसेनासं झालं. टोळ खरोखरच दोन बोटं खाली बसला. दादानं मागच्या बाजूला दोन्ही हातांनी दाबून बघितलं, उड्या नाहीत, हेलकावे नाहीत. तो इतका खूश झाला की त्यानं मला शर्यतीचा रस्ता कोळशानं काढून दाखवला. "ह्यो बघ, गोल. सगळी वळणं डाव्या अंगाला. म्हंजी गाडी कलणार उजवीकडं. सगळा भार ह्या उजव्या पाट्यांवर. आठ फेऱ्या!"

माझ्या हातातलं भांडं खाली ठेवलं मी. बोलायला तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. पण दादा हसत होता, आई दोरीचे हात पुसत होती, आप्पा दाराशी उन्हात बसून नुसते ऐकत होते. मी म्हणाले, "भाकरी वाढू का?"

आता कुणी विचारेल, सख्ख्या भावाच्या जिवाशी गाठ आणि तू भाकरी वाढलीस? व्हय, वाढली. सतरा वर्षांच्या पोरीला मरणापेक्षा फजितीची भीती जास्त वाटते. शिवाय मन फार हुशार असतं. सहा पाटे धड आहेत, एक वाईट असला तर काय होतंय; पिवळा म्हणजे थोडा निळसर होताच की; पाण्यात क्षणभरच गेला. अशी मी चार दिवस स्वतःचीच समजूत काढत होते.

सांगलीला दादा आणि कॅप्टनसाहेब टोळातून गेले. मागून त्यांच्या घरच्या मालट्रकमध्ये अवजारं, आप्पा आणि मी. मला कशाला, असं कॅप्टनसाहेबांनी विचारलं होतं. "घण लागला तर ही हाय," आप्पा म्हणाले. त्यांना माझे डोळे बरोबर हवे होते, हे मला कळलं होतं. कराडपर्यंत रस्ता बरा होता, पुढं खड्डे. ट्रकच्या टपावरून पुढं मला टोळाची हिरवी शेपटी दिसत होती. ती प्रत्येक खड्ड्यात गेली की मी दोन्ही मुठी आवळायची. आप्पा डोळे मिटून बसले होते. झोपलेत असं मला वाटलं, पण खड्डा आला की त्यांच्याही जबड्याची शीर उठायची.

त्या दुपारी दादानं चार फेऱ्या मारून बघितल्या. गाडी वळणावर अशी चिकटून गेली की बघे ओरडले. कॅप्टनसाहेब आप्पांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "फर्स्ट क्लास, आप्पा! काय पाणी दिलंय!" आप्पांनी मान खाली घातली. गाडी थांबल्यावर ते मागच्या चाकाजवळ बसले आणि दादाला म्हणाले, "जरा हलीव बरं." दादानं गाडी दाबली, सोडली. आतून बारीक टिक आली. पुन्हा दाबली, पुन्हा टिक.

"दोरी हाय, आप्पा," दादा म्हणाला. "बसंल."

आप्पांनी दोरीवरून एकदा अंगठा फिरवला आणि ते उठले.

शर्यत दुसऱ्या दिवशी चारला. अकरा-साडेअकराला आम्ही ट्रकच्या सावलीत आईनं दिलेल्या दशम्या खात बसलो होतो, मी आणि आप्पा दोघंच. दादा लांब, चाकांत हवा भरत होता. पंपाचा फुस-फुस आवाज येत होता आणि तो मधेच शीळ वाजवत होता. त्या शिळेनं माझा बांध फुटला.

"आप्पा, त्यो धावा पाटा तेलात न्हवता. पाण्यात घातला म्या. चुकून. आन निळाबी न्हवता. पेंढीचाच हुता."

आप्पांचा घास हातातच राहिला. ते माझ्याकडं बघत नव्हते, समोर उन्हाकडं बघत होते.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही ते काय बोलले. "ठावं हाय?"

"टिचकी मारली तवाच कळलं. डोळं गेल्यात, कान न्हाई. वाटलं, बोलावं, तर इचारत्याल पानी दिलं कुणी, आन का दिलं. मग समदंच बाहेर पडंल. तू तर निळा म्हणालीस. म्हणलं, आसंल. पोरीचं डोळं हायती, माजं न्हाईत."

"आवं पर दादा हाय त्या गाडीत!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी आप्पांवर ओरडले. "तुमाला ठावं हुतं आन तुमी..."

"तुलाबी ठावं हुतं," आप्पा म्हणाले.

आम्ही दोघं त्या सावलीत तसेच बसलो. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही. माझी मला होतीच; पण आप्पांची लाज बघणं जास्त कठीण होतं. मग त्यांनी दशमी फडक्यात बांधली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल. मला त्येच्यापातूर न्हे."

कॅप्टनसाहेब, दादा आणि आणखी पाच-दहा माणसं गाडीभोवती होती. आप्पांनी कुणाला बाजूला बोलावलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, उजव्या अंगाचा तिसरा पाटा खराब हाय. मोडणार त्यो. मला रंग दिसत न्हाईत, वरीस झालं. ही सांगती आन मी करतो. त्या पाट्याला पानी हिनं दिलं, चुकलं. आन चुकलंय हे मला कळलं हुतं."

कॅप्टनसाहेब लाल झाले. "दिसत नाही? आणि पोरीच्या हातून पाणी देऊन माझ्या गाडीत घातलं? आत्ता सांगता? चार तास राहिलेत!" ते आणखीही पुष्कळ बोलले, इंग्रजीतूनही बोलले, आणि त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं. लोक ऐकत होते. त्यांच्यात साताऱ्याकडचेही दोघे-तिघे होते. ही बातमी आमच्याआधी घरी पोचली. आप्पांना दिसत नाही, पाणी पोरगी देते, म्हणून पुढची दोन वर्षं आमच्या दारात कोयत्यांची रांग लागली नाही, आणि त्या दोन वर्षांत आम्ही काय खाल्लं ते मी इथं लिहीत नाही.

दादानं माझ्याकडं बघितलंही नाही. त्यानं जॅक लावला, गाडी उचलली आणि चाकूनं आईची दोरी उभी कापली. बोल्ट काढले. तिसरा पाटा ओढून त्यानं आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो दगडावर अर्धा बाहेर ठेवला आणि हातोडीच्या एकाच घावात त्याचे दोन तुकडे झाले. मोडल्या जागी मला काठाला निम्म्या रुंदीपर्यंत गेलेली जुनी काळी चीर दिसली आणि उरलेलं साखरेसारखं पांढरं, ताजं मोडलेलं. दादानं दोन्ही तुकडे उचलले, एकावर एक ठेवून बघितले, आणि मग तो बाजूला जाऊन माझ्याकडं पाठ करून उभा राहिला.

शिल्लक तुकडा अवजारांत होता; पलटणीतली सवय म्हणून दादानंच तो घेतला होता. मालट्रकवाल्यानं आम्हाला बैलबाजाराकडच्या एका लोहाराकडं नेलं. म्हातारा भला होता, कोळसा दिला, भट्टी दिली. पण गोणपाटं टांगून आप्पांनी सांडशी माझ्या हातात दिली तेव्हा तो पुढं आला. "आवं, बाईनं कुठं पानी देत्यात व्हय? आना, मी देतो." आणि तो पाण्याचं डोणगंच ओढायला लागला.

"तेल लागतंय ह्येला," आप्पा म्हणाले. "आन डोळं लागत्यात. तुमचं कोयत्याचं डोळं, माजं गेल्यालं. हिचंच हायती."

छिद्र पाडलं, कमान दिली, आप्पांच्या हातोडीमागून मीच घण मारला. मग पाटा लाल झाला. आप्पा माझ्या मागं उभे होते, ते काहीच विचारत नव्हते. मी तेलाचा डबा डावीकडून उचलून अगदी समोर ठेवला. विझवला. घासला. आचेवर धरला. पेंढीचा चढला, मी पाटा तसाच धरून ठेवला. जांभळा आला. मग हळूहळू निळा. मी तो निळा इतका वेळ बघितला की आजही डोळे मिटले की दिसतो. नातू म्हणतो, आज्जी, आता हे सगळं यंत्र बघतं. बघू दे. यंत्राला भाऊ नसतो.

परत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. दादानं पाटा हातात घेतला, वळवून बघितला, टिचकी मारली.

"पानी कुणी दिलं?" त्यानं विचारलं.

आप्पांनी मी असं म्हटलं असतं तर कुणी आडवं आलं नसतं. ते म्हणाले, "हौसानं."

दादानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. राग होता, आणि तो राग पुढं कित्येक महिने गेला नाही. "रंग?"

"निळा. मोराच्या मानंचा. दादा, आईशप्पत निळा हाय."

तो पाटा घेऊन गाडीखाली सरकला. आतूनच म्हणाला, "मग बस हितं. दोरी वड. मला एकट्याला आवळायची न्हाई."

मी पाय लावून दोरी ओढली. तेल वाळायला वेळ नव्हता, बोटांना फोड आले. कॅप्टनसाहेब घड्याळ बघत उभे होते. दादा चष्मा चढवून बसला आणि टोळासकट सहा गाड्या सुटल्या.

त्या रस्त्याचा निम्मा भाग उसाच्या फडामागं होता. गाड्या तिकडं शिरायच्या, नुसता आवाज यायचा, आणि मग दुसऱ्या टोकानं धुरळ्यातून एकेक बाहेर पडायची. आप्पांनी माझं मनगट धरलं होतं. सहा इंजिनांच्या त्या गोंगाटात त्यांच्या कानांचाही इलाज चालत नव्हता.

"आला का?"

"आला."

दुसरी फेरी. "आला का?" "आला. तिसरा हाय." पाचवी, सहावी, सातवी. प्रत्येक वेळी ते विचारायचे आणि मी सांगायची.

आठव्या फेरीला पहिली गाडी आली, दुसरी आली. मग लाल गाडी, जी दादाच्या मागं होती. मग आणखी एक. उसाच्या टोकाला धुरळा बसायला लागला. लोक तिकडं पळायला लागले. कॅप्टनसाहेबांनी टोपी काढली.

"आला का?" आप्पांनी विचारलं.

आला म्हणायला एक क्षण पुरला असता. त्यांना थोडंच दिसणार होतं. शब्द अगदी जिभेवर आला होता.

"न्हाई, आप्पा," मी म्हणाले. "अजून न्हाई."

त्यांची बोटं मनगटात रुतली. "बघत ऱ्हा."

मी बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग उसाच्या टोकाला काहीतरी हललं. हिरवं. पुढच्या चाकात पाचट अडकलेलं, नाकावर मातीचा लपका, पण चालत होतं. फेरीभर मागं पडलेली एक गाडी त्याच्या पुढ्यात वळणावर आडवी झाली होती आणि तिला चुकवायला दादानं टोळ बांधावरून उसात उडवला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

"आला."

"खरं सांग, पोरी."

"आला, आप्पा. दादा हाय. बसलाय नीट. उजवी बाजू सरळ हाय, खाली न्हाई बसलेली. पाटा धड हाय."

आप्पांनी माझं मनगट सोडलं. "मग बरं झालं," एवढंच ते म्हणाले, आणि भर गर्दीत, धुरळ्यात, खाली बसून मोठ्यानं रडायला लागले.